हिरव्या पट्ट्यातली वस्ती

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी सांगलीत नकाशे काढायच्या कामाला होतो. आयटीआयमधून आरेखकाचं शिक्षण झालं होतं, अक्षर बरं होतं आणि रेघ मारताना हात थरथरत नव्हता. एवढ्या भांडवलावर ते काम मिळालं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली गावं आणि शहरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कुठल्या बाजूला आणि किती पसरली, हे एका मोठ्या नकाशावर आणायचं होतं. एका बाजूला जुने सरकारी नकाशे, दुसऱ्या बाजूला उपग्रहानं वरून टिपलेली चित्रं. दोन्ही एकावर एक ठेवायची. जुन्या नकाशात जिथं शेत होतं आणि नव्या चित्रात जिथं घरं दिसत होती, ती जागा शोधून शाईनं भरायची.

ऑफिस म्हणजे एका गोदामाच्या मागची लांबट खोली. तिला खिडकी होती, पण चित्र नीट दिसावं म्हणून काचांना काळा कागद चिकटवलेला. मधोमध काचेचं टेबल आणि काचेखाली ट्यूबलाइट. त्या उजेडावर मान घालून बसलं की बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, हे जेवायला उठेपर्यंत कळत नसे. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पांढरा चौकोन दिसत राहायचा.

उपग्रहाच्या चित्रातले रंग खरे नसतात. उभं पीक लाल दिसतं आणि घरं करडी, निळसर. कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांनी उसाचा लालभडक पट्टा पसरलेला होता. त्यात जागोजाग ही करडी बुरशी चढत चाललेली. हमरस्त्याच्या कडेनं, साखर कारखान्यांच्या भोवती, स्टेशनांच्या आसपास. माझं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. तिकडच्या चित्राला रंगच नव्हता. थेट आटपाडीपर्यंत सगळं फिकट, राख सांडल्यासारखं. कामावर गेलो त्या पहिल्या आठवड्यात कुणी नसताना मी त्यात माझं गाव शोधलं होतं. ओढ्याच्या वळणावरून जागा तेवढी कळली. गाव असं काही दिसलं नाही.

त्या गावाकडे परत जावं असं काही उरलं नव्हतं. जमीन नावाला होती, ती पावसावर. वडील मुंबईत गोदीत होते आणि त्यांच्या खोलीत आधीच गावाकडची इतकी माणसं होती की मी गेलो असतो तर पाळीनं झोपावं लागलं असतं. सांगलीतली नोकरीही पक्की नव्हती. काही महिन्यांच्या बोलीवर घेत, मुदत संपत आली की साहेब वर लिहीत, आणि उत्तर येईपर्यंत मी खालमानेनं रेघा मारत राही. नोकरी सोडावी असं पुष्कळदा मनात यायचं. पण सोडून कुठं जायचं, हे ठरत नसे.

राहायला मार्केट यार्डाच्या मागं चौघांत मिळून एक खोली होती. तिथं हळदीचा वास कपड्यांना, अंथरुणाला, पाण्याच्या तांब्याला सुद्धा यायचा. स्वतंत्र खोली बघायला मी दोन-तीनदा गेलो होतो. घरमालक आधी गाव विचारत, मग आडनाव विचारत, आणि मग आठवल्यासारखं करून खोली कालच दिली म्हणून सांगत. त्यानंतर मी खोली बघायला जायचं सोडलं.

आमचे साहेब साताऱ्याचे, पुण्यात शिकलेले. माणूस चांगला होता. कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांना तो मोठा नकाशा पुरा व्हावा याची ओढ लागलेली होती. उभे राहून ते टेबलावर वाकायचे आणि म्हणायचे, बघ, साताऱ्यापासून मिरजेपर्यंत हे सगळं एक दिवस जोडलं जाणार. त्यांना दोन्ही जिल्हे एका नजरेत दिसत. मला मात्र माझ्या पेनच्या टोकाखालचा तेवढाच तुकडा दिसायचा.

एकदा कुपवाडच्या अलीकडे एका जागी आमचं अडलं. जुन्या नकाशात तिथं शेतं होती, मधून एक ओढा गेलेला. नव्या चित्रात तिथं करडे, निळसर ठिपके होते. अडचण अशी की उघडा मुरूम आणि खाण सुद्धा चित्रात घरांसारखीच दिसते. ती घरं आहेत की उकरलेलं माळरान, हे वरून ठरत नव्हतं. पायी जाऊन बघणं भाग होतं. साहेबांना त्या दिवशी विट्याकडे जायचं होतं. त्यांनी मला वाटेत जीपमधून उतरवलं, चित्राची एक छापील प्रत आणि फळी हातात दिली, आणि दिवस मावळायच्या आत जीप घ्यायला येईल म्हणून सांगितलं.

उन्हाळा होता. डांबरी रस्ता सोडून गाडीवाटेनं आत गेलो तर घरंच निघाली. सिमेंटच्या पत्र्यांची, विटांची, काही गिलावा केलेली, काही नुसत्या उघड्या विटांची. शेताचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेली जागा होती ती. अशा वस्त्या तेव्हा सांगलीच्या चारी अंगांनी उठत होत्या. घेणाऱ्याकडे साध्या कागदावरचा व्यवहार, बांधायला कुणाची परवानगी नाही, सातबारा अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावावर. वाट काळ्या मातीची होती. तिच्यात गेल्या पावसाळ्यातल्या चाकोऱ्या तशाच वाळून दगड झालेल्या. गटार नव्हतं. विजेच्या तारा एका खांबावरून दहा घरांना गेलेल्या.

मी एका कोपऱ्यावर उभा राहून फळीवर चित्र लावलं, तेवढ्यात एक गृहस्थ सायकलवरून उतरले. खाकी चड्डी, पांढरा बनियन, मिशी नीट कातरलेली. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. काम कसलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, तसे ते खूश झाले. किती वर्षं आम्ही वाट बघतोय, म्हणाले. आम्हाला नकाशात घ्या. एकदा नकाशात आलो की रस्ता मागता येतो, नळ मागता येतो. सरकारला आम्ही दिसतच नाही, ही त्यांची तक्रार होती.

बोलण्याच्या आवाजानं माणसं जमली. त्यांत एक गवंडी होते, पन्नाशीकडे झुकलेले, हाताला अजून ओलं सिमेंट. त्यांनी माझ्याकडे नव्हे, माझ्या फळीकडे बघितलं आणि हवालदारांना म्हणाले की ह्याला आत्ताच्या आत्ता माघारी लावा. यापूर्वी दुसऱ्या एका गावी रस्त्याकडेला त्यांचं घर होतं. तिथंही आधी अशीच कागद घेतलेली माणसं आली होती, गोड बोलून, चहा पिऊन, चुन्याच्या खुणा करून गेली होती. त्यानंतर घरं पाडायचं मशीन आलं. हवालदार म्हणाले, ती गोष्ट वेगळी. गवंडी म्हणाले, सुरुवात तीच हाय.

दोघांत जुंपली. वस्तीतही दोन तट दिसायला लागले. निम्म्यांना नकाशात यायचं होतं आणि निम्म्यांना यायचं नव्हतं. मी मधे उभा. कुणीतरी माझ्या हातातली फळी काढून घेतली आणि ती हवालदारांकडे गेली. आता हवालदार मला वस्तीभर फिरवून खुणा करायला लावतील म्हणून असेल, गवंड्यांनी माझ्या दंडाला धरलं. धरणं जोराचं नव्हतं. आपण आत बसू, उन्हात कशाला, म्हणत त्यांनी मला त्यांच्या घराकडे नेलं. मी खोलीत पाऊल टाकलं आणि मागं दार ओढून बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला.

मी लगेच ओरडलो नाही. का, ते आजही सांगता येत नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की फळीवरची प्रत ऑफिसची आहे. दुसऱ्यांदा आलं ते हे, की जीप संध्याकाळशिवाय येणार नाही. आसपास फोन नव्हता. मी दार एकदा आतून ढकलून पाहिलं आणि पत्र्याच्या पेटीवर बसलो.

लहान खोली होती. एका भिंतीला घागरी, हंडे, कळश्या ओळीनं पालथ्या घातलेल्या. कोपऱ्यात ओळंबा, थापी, रंधा. वर सिमेंटचा पत्रा, त्यामुळे धग खाली उतरत होती. गजांच्या खिडकीतून ओटा आणि बोळापलीकडच्या घराची भिंत, एवढंच दिसत होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काळ्या कागदाच्या खोलीत बसणारा मी, एका दिवसासाठी बाहेर आलो आणि पुन्हा खोलीतच येऊन बसलो होतो.

थोड्या वेळानं ओट्यावर बांगड्या वाजल्या. गवंड्यांच्या पत्नी राखणीला बसल्या होत्या. खिडकीतून त्यांनी पाण्याचा तांब्या आत सरकवला. गज दाट होते म्हणून तांब्या आडवा करावा लागला आणि निम्मं पाणी सांडलं. सांडलेल्या पाण्याकडे त्या बघत राहिल्या. मग विचारलं, "कंच्या गावचं तुमी?"

मी गाव सांगितलं. तोपर्यंत मी शाळेत शिकलेलं शुद्ध बोलत होतो. गावाचं नाव घेताना मात्र आपोआप घरचं बोलणं आलं. त्या खिडकीजवळ सरकल्या. त्यांचं माहेर आमच्या गावापासून दोन ओढे पलीकडे होतं. मग माझी नजर वर गेली. भिंतीवर निळ्या कोटातल्या साहेबांचा फोटो होता आणि शेजारी बुद्धाचं चित्र असलेलं कॅलेंडर. आमच्याही घरी याच जोडीनं हे फोटो असतात. गजांच्या दोन बाजूंनी आमचा आमच्यातला नमस्कार झाला. कुणाचे कोण हे निघालं. माझ्या थोरल्या आत्याला त्या लग्नाआधीपासून ओळखत होत्या.

मला वाटलं, आता सुटलो. मी म्हणालो, वहिनी, मग कडी काढा की.

त्यांनी एकदा कडीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काडली तर तुमी जाशीला. मला हितंच नांदायचंय."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. नवऱ्यानं घातलेली कडी त्यांनी काढली असती तर त्याचा जाब त्यांना द्यावा लागला असता, आणि वस्तीतल्या निम्म्या लोकांनाही. त्यांनी चहा करून आणला, तोही खिडकीतून दिला. वर भाकरी आणि वाळल्या मिरचीचा ठेचा. मी जेवलो. जेवताना त्या ओट्यावर बसून बोलत होत्या, माझ्याशी कमी आणि आपल्याशी जास्त. गावाकडं आमची घरं गावाबाहेर, म्हणाल्या. हितं आलो तर ही बी जागा हद्दीभाईर म्हणत्यात. आत म्हणजे नक्की कुठं, ते अजून कुणी दावलं न्हाई.

दुपार कलली तशी माणसं पुन्हा जमली. आता गवंडी, हवालदार आणि पाच-सहा जण खिडकीपाशी आले. हवालदारांच्या हातात माझी फळी होती. बाहेर एक तोड निघाली होती आणि ती ते मला सांगायला आले होते. मी कोरा कागद घेऊन परत जायचं आणि ऑफिसात सांगायचं की इथं मुरमाची खाण आहे. गवंड्यांचं यावर समाधान होतं. हवालदारांचं नव्हतं, पण भांडण मिटावं म्हणून तेही गप्प झाले होते.

खरं तर मी हो म्हणायला हवं होतं. हो म्हटलं असतं तर तेव्हाच कडी निघाली असती. पण मला राहवलं नाही. मी म्हणालो, मी काय सांगतो त्यानं फरक पडत नाही. तुमची वस्ती चित्रात आधीच आलेली आहे.

कुणाला कळलं नाही. मी हवालदारांना फळी खिडकीशी धरायला लावली आणि गजांतून बोट घालून दाखवलं. हा रस्ता, ही रेल्वे, हा तुमचा ओढा. आणि ही तुम्ही. उपग्रहानं वरून फोटो काढलाय, त्याला वर्ष होऊन गेलं.

गवंडी पुढं झाले. चित्राला नाक लावून त्यांनी पाहिलं. त्या करड्या डागावरून त्यांचं बोट फिरत होतं.

"ह्यात माजं घर कंचं?"

मी सांगितलं की एकेक घर त्यात दिसत नाही. एका ठिपक्यात कितीतरी घरं मिळून येतात, मधली वाट आणि अंगण धरून.

"म्हंजे म्या बांदल्यालं एक बी दिसत न्हाई," ते म्हणाले, "पर आमी सगळी दिसतूय."

हवालदारांनी विचारलं की या नकाशात बेकायदा असं कुठं लिहितात का. मी म्हणालो, नाही, माझ्या नकाशात दोनच गोष्टी असतात, बांधलेलं आणि न बांधलेलं. ते ऐकून सगळे सैल झाले. एकानं तर बिडी पेटवली. गवंड्यांचा हात दाराकडे गेलाच होता. तेवढ्यात त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आन् त्ये बेकायदा कोन लिवतंय मग?"

मला ते माहीत होतं. शेतीसाठी राखलेल्या जमिनीचा दुसरा नकाशा असतो, त्याला आम्ही ऑफिसात हिरवा पट्टा म्हणायचो. माझा कागद पारदर्शक. तो त्या हिरव्यावर ठेवला की कुठली घरं कुठं आहेत हे कुणालाही दिसतं. मी ते तसंच सांगितलं. गजाच्या आत बसलेला माणूस खोटं बोलला तरी चाललं असतं, पण आत्याच्या ओळखीची बाई ओट्यावर बसून ऐकत होती आणि मला खोटं सुचलं नाही.

गवंड्यांनी दारावरचा हात काढून घेतला. ते वळले आणि सगळे त्यांच्यामागून निघून गेले. फळीही गेली.

यानंतरचा वेळ सगळ्यात वाईट गेला. आधी मला वाटत होतं की हे गैरसमजातून झालंय, बोललं की सुटेल. आता बोलून झालं होतं. पत्रा तडतडत होता. समोरच्या भिंतीवरची सावली चढत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. साहेबांना, वडिलांना, मुदत वाढवणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात दोष देऊन झाला. गवंड्यांना मात्र देता येईना. त्यांनी मला कोंडलं होतं, पण त्यांनाही या घरातून निघता येत नव्हतं. कागद नसलेलं घर विकत कोण घेतो? मागं जावं तर गावात पाणी नाही. मीही तिथलाच होतो.

मग एकदम लांबून हॉर्न ऐकू आला. जीपचा नव्हे. वस्तीभर पळापळ सुरू झाली. बायका हाका मारत होत्या, डबे आपटत होते. पाण्याचा टँकर आला होता. तो रोज यायचा नाही आणि आला की थांबायचाही नाही.

वहिनी धाडकन कडी काढून आत आल्या. त्यांच्या घागरी आतच होत्या, माझ्या मागं, भिंतीला. माझ्याकडे न बघता त्यांनी दोन कमरेवर घेतल्या, एक डोक्यावर.

"बघता काय, त्ये हांडं घ्या की," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

मी दोन्ही हातांत हंडे घेऊन त्यांच्यामागं धावलो. टँकरभोवती अख्खी वस्ती होती. नकाशात यायचं होतं ते आणि यायचं नव्हतं ते, सगळे एकाच नळीखाली. हवालदार रांग लावायचा प्रयत्न करत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. डांबरी रस्ता पुढं दिसत होता. मी निघून गेलो असतो तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण चित्राची प्रत हवालदारांच्या सायकलला अडकवलेली होती, आणि हातात दुसऱ्याचे हंडे होते. मी ते भरले, नेऊन घरात ओतले आणि परत आलो. तिसऱ्या खेपेला गवंडी समोरून येत होते, खांद्यावर डबे. आम्ही एकमेकांना वाट दिली.

टँकर गेल्यावर ओल्या मातीत सगळे दमून उभे होते. गवंड्यांनी हवालदारांकडून फळी मागून घेतली, हातावरचं पाणी धोतराला पुसलं आणि ती मला दिली. "चला, दावतो," एवढंच म्हणाले.

ते पुढं आणि मी मागं, असं आम्ही ती वस्ती फिरलो. ते घरं दाखवत होते आणि मी खुणा करत होतो. वस्तीतली पुष्कळ घरं त्यांच्या हातची होती. अमक्याची भिंत पायात खचली, काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते. तमक्यानं कौलं म्हणून सुरुवात केली आणि पत्र्यावर आला. ओढ्याच्या जागी आलो तेव्हा वस्तीत ओढा उरला नव्हता, त्यावर घरं होती. पावसात इथं पाणी शिरतं का, असं मी विचारलं. शिरतं, म्हणाले, कुठं जाणार ते, त्याला आमीच जागा ठेवली न्हाई. शेवटच्या घरापाशी ते थांबले आणि नकाशा झाल्यावर पुढं काय होतं म्हणून विचारलं. मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

संध्याकाळी जीप आली. साहेबांना मी सगळं सांगितलं. कोंडल्याचं ऐकून ते आधी हसले, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबले. पोलिसांकडे जायचं का, विचारलं. मी नको म्हणालो. ऑफिसाशी उतरताना साहेब म्हणाले, "खरं सांगितलंस ते बरोबर केलंस. पण पुढच्या वस्तीत सांगू नकोस."

पुढं अशा कितीतरी वस्त्या मी फिरलो. कराडला, इस्लामपूरला, साताऱ्याच्या खालच्या अंगाला. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कुठंच काही सांगितलं नाही आणि मला कुणी कोंडलंही नाही. मोठा नकाशा तयार झाला. भिंतभर होता. साहेबांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. मग त्यांची बदली झाली, नकाशा गुंडाळून कुठंतरी वर गेला, आणि माझी मुदत दुसऱ्या एका कामावर वाढवण्यात आली. ते कामही त्याच काचेच्या टेबलावर होतं.

त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं. मुलीच्या माणसांनी एकच अट घातली, स्वतंत्र खोली पाहिजे. मी पुन्हा घरमालकांच्या दारात जायला लागलो आणि पुन्हा गाव, आडनाव आणि कालच दिलेली खोली सुरू झाली. एका रविवारी मी सायकल काढली आणि त्या वस्तीत गेलो. वहिनी ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. कुणासाठी खोली पाहिजे, हे सुद्धा त्यांनी विचारलं नाही. गवंड्यांनी घरावर अर्धा मजला चढवला होता, तो दाखवला. मी जिथं राहायला जात होतो ती जागा कुठल्या पट्ट्यात आहे, हे माझ्याइतकं त्या वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं. तरी आम्ही त्या पावसाळ्याआधी राहायला गेलो. पहिल्याच पावसात चपला हातात घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत जावं लागलं. माझ्यासारखीच बायकोही माणातली, तिला चिखलाचं अप्रूप होतं. ते पहिल्या महिन्यापुरतंच टिकलं.

तिथं आम्हाला दोन वर्षं झाली असतील. तेव्हा पेपरात पुढच्या काळासाठी शहराची आखणी छापून आली. रविवार होता. हवालदारच पेपर घेऊन आले. गवंडी जिन्याला आडोसा म्हणून भिंत बांधत होते. आम्ही ओट्यावर पेपर पसरला आणि मी त्यांना वाचून दाखवायला बसलो. छपाई काळी-पांढरी होती, पण खुणा मला ठाऊक होत्या. रस्ता सापडला, रेल्वे सापडली. आमच्या जागेवर बारीक बारीक गवताच्या खुणा होत्या. म्हणजे शेती. इथं घर नाही, वाट नाही, कुणी राहत नाही. मी पायी फिरून केलेली एकही खूण त्यात नव्हती.

हवालदारांनी त्या गवतावर बोट ठेवलं. आता अर्ज करायचा, म्हणाले, सगळ्यांच्या सह्या घेऊन. गवंड्यांनी मला विचारलं, म्हणजे पाडणार का? मी म्हणालो, ते यात नाही. मग राहू देणार का? तेही यात नाही.

"मंग भित घालू का नगं?"

माझी बायको वरून बघत होती. जिन्याला आडोसा तिनंच मागितला होता. गवंड्यांनी पाटीतल्या कालवलेल्या सिमेंटमध्ये बोट घालून पाहिलं. "माल वाळाय लागलाय," म्हणाले आणि थापी उचलली. मी पेपर घडी करून हवालदारांच्या हातात दिला आणि विटा पुढं करायला उठलो.